हमीदाबाईंचं पडेल गाणं

नारायण पेठेत प्रबंधांची बांधणी करून देणारी थोडीच दुकानं आता उरली आहेत. त्यांतलं एक हमीदाबाई आतारांचं. दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की हमीदाबाईंना उठून उभं राहावं लागतं. काळं नाहीतर मरून रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरांत विद्यार्थ्याचं नाव, विषय, साल. चार प्रती असतील तर परवा या म्हणतात, आणि परवा म्हणजे परवाच. नवीन गिऱ्हाईक मात्र दारातच थबकतं. आत हेवी मेटल लागलेलं असतं. डोक्यावरून ओढणी घेतलेल्या, साठीकडे झुकलेल्या बाई, हातात दाभण, आणि मागे कुणीतरी घसा फाडून गातंय. एका प्राध्यापकांनी एकदा विचारलं, बाई, या गोंगाटाचा त्रास नाही होत? हमीदाबाई म्हणाल्या, "तुमच्या प्रबंधाला साडेचारशे पानं आहेत. मी काही विचारलं का?"

मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. 'ऐरण' नावाच्या बँडच्या श्रोते मंडळात आम्ही बरोबर होतो. त्यांच्या बाबतीत जे झालं, त्यातलं अर्धं माझ्यासमोर झालं. उरलेलं त्यांनी नंतर सांगितलं, तेही एका बैठकीत नाही.

त्यांचे वडील मकबूल आतार पेठेतल्या छापखान्यांची पुस्तकं बांधून द्यायचे. छापखान्यातून मोठाले फर्मे यायचे, त्यांच्या घड्या घालून सोळा-सोळा पानांचे भाग करायचे आणि मग शिलाई. घड्या घालायचं काम लहानपणापासून हमीदाबाईंकडे. घड्या घालता घालता त्या वाचायच्या. पण फर्मे छापून होतील तसे यायचे, त्यामुळे एखाद्या कादंबरीचा नववा भाग आधी वाचून व्हायचा आणि पहिला आठवड्यानं हाती लागायचा. घरातली बोली दखनी वळणाची, शाळा मराठी, आणि वाचन हे असं. मॅट्रिक झाल्या, लग्न झालं, दोन वर्षांत परत आल्या. त्याबद्दल त्या बोलत नाहीत आणि मी विचारलेलं नाही.

मेटल त्यांच्या भावानं, गुलजारनं, घरात आणलं. तो टेम्पो चालवायचा. कॅम्पातून कुठून तरी परदेशी कॅसेटी आणायचा आणि दुकानातल्या टेपवर लावायचा. मकबूलचाचा कानाला हात लावायचे. हमीदाबाईंना पहिल्यांदा शब्द कळत नव्हते, पण एक गोष्ट त्यांना आवडली. त्या गाण्यांत कुणी कुणाची माफी मागत नव्हतं. पुढे गुलजार सौदीला गेला, टेप मागे राहिला.

आणि त्र्याण्णव साली, गुलजार अजून इथेच होता तेव्हा, एका कॉलेजच्या मैदानावर त्या दोघांनी 'ऐरण' ऐकला. तिघे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि गायला वाघोलीचा हिंदुराव. हिंदुरावचे वडील गेनबा नगर रस्त्याला लागून कांदा आणि ज्वारी करायचे. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत या चौघांची तालीम चालायची, कारण तिथं तक्रार करायला फक्त म्हशी होत्या. हिंदुरावचा आवाज एका शेतातून तिसऱ्या शेतात हाक मारून तयार झालेला. आणि तो मराठीत गायचा. हेवी मेटल आणि मराठी. आम्हाला तेव्हा वाटलं, हे आपल्यासाठीच कुणीतरी केलंय.

श्रोते मंडळ सुरू केलं दिगंबरनं, चौऱ्याण्णव साली. दिगंबर कोथरूडचा, विम्याच्या कचेरीत नोकरी. त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिन्यातून एकदा आम्ही जमायचो. दिगंबरची स्मरणशक्ती भयंकर. कोणतं गाणं कोणत्या तारखेला ध्वनिमुद्रित झालं, त्या दिवशी वीज किती वेळा गेली, दुसऱ्या कडव्यानंतर ड्रमवाला कुठे अडखळला, सगळं तोंडपाठ. मंडळाचं इतिवृत्त तो स्वतः लिहायचा, सुवाच्य अक्षरात, आणि वर्षअखेर ते बांधून घ्यायला हमीदाबाईंच्या दुकानी यायचा. तिथूनच त्या मंडळात आल्या. पहिली काही वर्षं मंडळातल्या त्या एकट्याच बाई.

मंडळाचा मोठा कार्यक्रम म्हणजे डिसेंबरातली पडेल गाण्याची सभा. आवडत्या बँडचं सगळ्यांत वाईट गाणं कोणतं, यावर वाद. दिगंबरचं म्हणणं असं, की स्तुती कुणीही करील, नावं ठेवायला प्रेम लागतं. नियम कडक होते. सगळ्या कॅसेटी विकत घेतलेल्यालाच बोलता येईल. प्रत्येक गाण्यावर एक जण आरोप ठेवणार, एक जण वकील होऊन बचाव करणार. मग हात वर करून निकाल. त्या सकाळी आम्ही इतके हसायचो की वरच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत येऊन बघायची. हमीदाबाईंचे बचाव ऐकण्यासारखे असत. ज्या गाण्याला कुणी वाली नाही ते त्या घ्यायच्या आणि निम्मे हात तरी खाली आणायच्या.

शहाण्णव साली मकबूलचाचांची नजर गेली. काचबिंदू. शस्त्रक्रिया झाली, उपयोग झाला नाही. त्या दिवशी हॉस्पिटलात सकाळपासून संध्याकाळपर्यंत हमीदाबाईंच्या शेजारी दिगंबर बसून होता. डबाही त्यानंच घरून आणला होता. हे सांगायलाच हवं, कारण ते खरं आहे.

दिसेनासं झालं तरी मकबूलचाचा दुकानात येत राहिले. बोटांनी घडी चाचपायची, भोक शोधायचं, दोरा ओढायचा. शिलाई पूर्वीसारखीच सरळ यायची. समोर बसून हे पाहता पाहता हमीदाबाईंनी एका कापलेल्या कागदाच्या पट्टीवर चार ओळी लिहिल्या. मग आणखी चार. नाव दिलं 'उसवण'. सुरुवात अशी होती:

सुई दिसत नाही, हात तरी शिवतो.

दिगंबर आदल्या वर्षीचं राहिलेलं इतिवृत्त न्यायला आला, त्यानं ती पट्टी वाचली. दोनदा वाचली. म्हणाला, हे मी हिंदुरावला दाखवतो. हमीदाबाई नको म्हणाल्या, मग हो म्हणाल्या. दिगंबरनं सगळ्या पट्ट्यांवरचा मजकूर स्वच्छ कागदावर उतरवून घेतला, खाली त्यांचं नाव लिहिलं आणि बसनं वाघोलीला गेला. आठ दिवसांनी निरोप आला, हिंदुरावला आवडलंय, नव्या कॅसेटमध्ये घेतोय.

त्या दिवशी हमीदाबाईंनी वडिलांना सांगितलं, तुमच्यावर गाणं येतंय. मकबूलचाचांना मेटलचा तिटकारा. तरी त्यांनी शेजारच्या दोन दुकानदारांना सांगितलं.

कॅसेट आली शहाण्णवच्या नोव्हेंबरात, नाव 'राख'. हमीदाबाईंनी वडिलांना खुर्चीत बसवलं, टेप जवळ ओढला, आवाज वाढवला. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. हिंदुरावनं ते संथ चालीत, जवळजवळ कुजबुजत घेतलं होतं. आणि शब्द होते:

तू दिसत नाहीस, हात तरी शिवतो.

हमीदाबाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी मागे घेऊन पुन्हा लावलं. 'सुई' गेली होती, 'तू' आली होती. दिसत नसलेल्या माणसाच्या जागी कुणी एक मुलगी होती, आणि पुढची दोन कडवीही तिच्यासाठी वाकवलेली होती. मकबूलचाचा शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, ही मुलगी कोण? आणि थोड्या वेळानं, यात मी कुठं आहे? हमीदाबाईंनी टेप बंद केला. चाचांनी चाचपत त्यांचा हात शोधला, थोपटला आणि म्हणाले, आवाज चांगला आहे त्या पोराचा.

कव्हरच्या आतल्या बाजूला छापलं होतं: सर्व गीते, हिंदुराव. खाली एक ओळ: विशेष आभार, दिगंबर.

दुसऱ्या दिवशी दिगंबर धावत आला. फार वाईट झालं म्हणाला. छापखान्याची चूक. दत्तोबांनी नाव गाळलं, पुढच्या खेपेला दुरुस्ती करून घेऊ. आणि शब्दांचं म्हणाल, तर गाताना असे बदल होतात, आपण समजून घ्यायला हवं.

दत्तोबांचा छापखाना दुकानापासून शंभर पावलांवर. मकबूलचाचांचे ते वीस वर्षांचे स्नेही, ईदला शिरखुर्मा खायला घरी येणारे. निम्मं काम त्यांच्याकडून यायचं. हमीदाबाईंनी त्यांना काही विचारलं नाही. विचारण्यातही अपमान वाटला. इतकंच केलं, की त्यांच्याकडचे फर्मे घेणं बंद केलं. वेळ नाही म्हणाल्या. दत्तोबा दोन-तीनदा दारात येऊन उभे राहिले, हमीदाबाई कामातून मान वर करेनात, मग ते यायचे थांबले. मकबूलचाचा विचारायचे, दत्तोबा का येत नाही? हमीदाबाई सांगायच्या, त्यांना काम फार आहे.

पुढची खेप निघाली, दुरुस्ती नव्हती. हमीदाबाईंनी दिगंबरला पुन्हा एकदा विचारलं. तो म्हणाला, हिंदुरावकडे विषय काढणं अवघड आहे, बँडमध्ये आधीच कुरबुरी चालू आहेत. "हमीदाबाई, आपल्याला गाणं मोठं की नाव?" असं त्यानं विचारलं. हमीदाबाईंनी विषय तिथेच सोडला. मला नंतर म्हणाल्या, त्या प्रश्नाला माणूस काय उत्तर देणार? नाव म्हटलं की आपणच लहान होतो.

गाणं गाजलं. रेडिओवर लागलेलं 'ऐरण'चं ते एकच गाणं. शहरातल्या एका वाङ्मय मंडळानं हिंदुरावला शाल आणि श्रीफळ दिलं, लोखंडी आवाजातला कवी म्हणून. त्या कार्यक्रमाला आम्ही सगळे गेलो होतो. हमीदाबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. हिंदुराव भाषणात म्हणाला, शब्द असे आपोआप येतात, शेतात पाणी सोडताना.

मग काळ बदलला तशी आमची आवड बदलली. वय वाढेल तसा मेटलवाला हळवेपणाला जास्त घाबरतो. आम्हाला ते संथ गाणं नकोसं वाटायला लागलं. दोन हजारच्या सभेत ते पहिल्यांदा पडेल गाण्यांच्या यादीत आलं. आरोप ठेवायला दिगंबर उभा राहिला. म्हणाला, "प्रेयसी दिसत नाही म्हणून शिवायला बसणारा जगातला हा पहिला प्रियकर. बिचाऱ्यानं तोपर्यंत तीन ब्लाउज आणि एक परकर पूर्ण केला असेल." पार्किंग दणाणलं. त्या दिवसापासून 'उसवण'ला आम्ही टेलरचं गाणं म्हणू लागलो. दरवर्षी कुणीतरी नवा विनोद आणायचं. कुणी शिंप्याची टेप आणून छाती मोजायचं नाटक केलं. मीही एक वर्षी विनोद केला होता, तो इथे लिहीत नाही.

हमीदाबाईंनी ते गाणं बचावासाठी कधी घेतलं नाही. त्या वेळी त्या पाण्याची बाटली काढायच्या, चष्मा पुसायच्या. आम्हाला वाटायचं, त्यांनाही आवडत नसेल.

मकबूलचाचा दोन हजार तीनमध्ये गेले. पुढच्या वर्षी बँड फुटला. नगर रस्त्याच्या जमिनीला सोन्याचा भाव आला होता. गेनबांच्या कांद्याच्या शेतावर हिंदुरावनं बारा मजली दोन इमारती उभ्या केल्या आणि गाणं सोडलं. तिघे इंजिनिअर नोकऱ्यांना लागले. मंडळ मात्र चालू राहिलं. बँड नसला तरी वाद घालायला गाणी होतीच.

दोन हजार एकोणीसच्या डिसेंबरात मंडळाला पंचवीस वर्षं झाली. दिगंबर नुकताच निवृत्त झाला होता, त्यानं जीव ओतून तयारी केली. सोसायटीचा हॉल, चाळीसेक माणसं, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, आणि प्रमुख पाहुणा म्हणून हिंदुराव. विषय ठरलेला: पंचवीस वर्षांतलं सर्वांत पडेल गाणं. आरोपपत्रात पाच गाणी होती. पाचवं 'उसवण'. वकील कोण, असं दिगंबरनं विचारलं, तेव्हा हमीदाबाई म्हणाल्या, "मी."

त्या सात-आठ मिनिटं बोलल्या. गाणं आपलं आहे, असं त्यांनी एकदाही सुचवलं नाही. एवढंच म्हणाल्या, की आपण हे गाणं प्रेमाचं म्हणून ऐकतो आणि हसतो. ते कामाचं म्हणून ऐकून बघा. ज्याचं एक इंद्रिय गेलंय आणि ज्याला दुसरं काही येत नाही, अशा माणसाचं. तिसऱ्या कडव्यात एक ओळ राहिली आहे, 'टाका चुकला तर बोट सांगतं', ती प्रियकराची कशी असेल? हॉल शांत झाला होता. पुढच्या रांगेतला एक जण मान डोलवत होता. मग दिगंबर उठला, घसा खाकरला आणि म्हणाला, "वकीलबाईंनी बाजू चांगली शिवली. पण कापडच आखूड आहे." सगळे हसले आणि शांतता मोडली.

मतदान झालं. एकतीस हात 'उसवण'च्या विरोधात वर गेले. त्यांतला एक माझा.

निकाल वाचून दाखवल्यावर दिगंबरनं माइक पाहुण्याकडे दिला. हिंदुराव आता अंगानं भरला होता, बोटात अंगठ्या होत्या, पण बोलणं तेच. तो हसत म्हणाला, "आता खरं सांगून टाकतो. हे गाणं माझं न्हाईच. ह्या हमीदाबाईंनी लिहिलेलं हाय. मेंबर हायत, म्हणलं घ्या एखादं. पडेल गाणं माझ्या नावावर नको बाबा."

पुन्हा हशा झाला, पण अर्धवट. माणसं वळून हमीदाबाईंकडे बघू लागली. दिगंबर टेबलापाशी इतिवृत्त लिहीत होता. त्यानं ओळीत काहीतरी भर घातली, मान वर केली आणि म्हणाला, "घ्या हमीदाबाई, नाव लागलं एकदाचं."

तेवीस वर्षं जे नाव मागून मिळालं नव्हतं, ते असं मिळालं. शाल मिळाली तेव्हा गाणं हिंदुरावचं होतं, आणि पडेल ठरल्यावर दोन मिनिटांत हमीदाबाईंचं झालं.

त्या उठून पुढे आल्या. माइक घेतला नाही.

"गाणं माझं आहे," त्या म्हणाल्या. "मी 'सुई दिसत नाही' असं लिहिलं होतं. 'तू' मी लिहिलेलं नाही. ते माझे वडील होते, हिंदुराव. त्यांचे डोळे गेले होते."

हिंदुरावचं हसू गेलं. तो म्हणाला, "असंल. मला कसं आठवणार एवढं? आंधळ्या म्हाताऱ्याचं गाणं कोण ऐकतंय म्हणून बदललं असंल." तो निर्ढावलेपणानं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं, हे दिसत होतं.

मग हमीदाबाई दिगंबरकडे वळल्या. "तुम्ही कागद उतरवून घेतला होता. माझ्या दुकानात बसून. काय लिहिलं होतं, सांगा यांना."

दिगंबरनं पेनाचं टोपण लावलं. पंचवीस वर्षांपूर्वी कोणत्या तालमीत किती वेळा वीज गेली हे सांगणारा माणूस म्हणाला, "इतकं जुनं कुठे लक्षात राहतं, हमीदाबाई?"

 हमीदाबाईंनी खुर्चीवरची पिशवी घेतली आणि त्या बाहेर पडल्या. कुणी थांबवलं नाही. सूत्रसंचालकानं जेवणाची पानं मांडली आहेत असं जाहीर केलं, आणि आम्ही जेवलो.

चार दिवसांनी मी दुकानात गेलो. टेप बंद होता. मी माफी मागितली, विनोदाची आणि हाताचीही. त्या म्हणाल्या, "तुम्हाला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं त्याचं बोला." हिंदुरावबद्दल त्यांना विशेष राग नव्हता. तो गाणारा माणूस, त्याला स्वतःपलीकडे दिसत नाही, हे त्या कधीपासूनच धरून चालल्या होत्या. दिगंबरचं मात्र त्यांना उलगडत नव्हतं. हॉस्पिटलात डबा घेऊन बसलेला तो, आणि वीस वर्षं परकर-ब्लाउज करणाराही तोच. ज्या ओळीवर तो सगळ्यांना हसवायचा ती मूळची कशी होती, हे माहीत असलेली जगात तीनच माणसं होती आणि त्यांतला एक तो होता.

जानेवारीत दिगंबर आला. मी योगायोगानं तिथेच होतो. त्याला उभं राहायलाही जागा नव्हती, म्हणून तो पायरीवरूनच बोलला. कबूल करतो म्हणाला, छापखान्याची चूक नव्हती. हिंदुरावनंच सांगितलं होतं, दुसऱ्याचं नाव नको. बँड तुटू नये म्हणून मी खोटं बोललो. नंतर सभेत विनोद केले, कारण सगळ्यांनी त्या गाण्याला हसण्यावारी नेलं असतं तर विषय आपोआप संपला असता. आणि त्या दिवशी हॉलमध्ये पाहुण्यासमोर काय बोलणार? त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ते खरं वाटलं.

हमीदाबाईंनी एकच विचारलं, "म्हणजे दत्तोबांची काही चूक नव्हती?"

"नव्हती," दिगंबर म्हणाला.

त्या उठल्या, दुकानाला कुलूप घातलं, आणि मला म्हणाल्या, चला. दिगंबर पायरीवर तसाच उभा होता.

दत्तोबांचा छापखाना केव्हाच बंद झाला होता. ते मुलाकडे राहत होते, कोथरूडलाच. वय पंच्याऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी, पण बोलणं स्वच्छ. हमीदाबाई त्यांच्या पलंगाजवळ जमिनीवरच बसल्या आणि सगळं सांगितलं. तुमच्यावर आळ घेतला, तेवीस वर्षं तोंड फिरवलं, अब्बांनाही खोटं सांगितलं.

 दत्तोबा म्हणाले, "अगं, पण मजकुरात तुझं नाव होतं. हिंदुरावनं लिहून दिलेल्या कागदावर दोन नावं होती, त्याचं आणि तुझं. प्रूफ वाचायला दिगंबर माझ्याकडे आला होता. कव्हरवर खाली एकच ओळ बसत होती. त्यानं तुझ्या नावावर काट मारली आणि आपलं नाव लिहिलं."

हमीदाबाईंना वाटलं, म्हाताऱ्याची गल्लत होतेय. त्यांनी पुन्हा विचारलं. दत्तोबांनी पुन्हा तेच सांगितलं, लाल शाईसकट.

"मग मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तूच नको म्हणालीस. असल्या आरडाओरडीच्या गाण्यावर मुसलमान घरातल्या मुलीचं नाव, मकबूलला चालणार नाही, असं मीच ठरवलं. दोनदा विचारायला आलो होतो तुझ्या दारात. तू मान वर केली नाहीस."

येताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. दोन थांबे गेल्यावर म्हणाल्या, "म्हणजे मघाची कबुलीसुद्धा खोटी." दिगंबरला जाब विचारायला त्या पुन्हा गेल्या नाहीत. मी जाऊन विचारलं. तो म्हणाला, दत्तोबांना आता नीट आठवत नाही. असेलही. पण त्यानं माझ्या नजरेला नजर दिली नाही, आणि त्या दिवसानंतर मीही मंडळात गेलो नाही.

मग टाळेबंदी आली, दुकानं बंद झाली. त्या रिकाम्या महिन्यांत दिगंबरनं 'ऐरण'ची सगळी गाणी इंटरनेटवर चढवली. 'उसवण'खाली त्यानं लिहिलं, गीत: हमीदा आतार. मला वाटलं, हे तरी बरं केलं. मी हमीदाबाईंना फोन करून सांगितलं. त्यांनी गाण्याखालच्या प्रतिक्रिया वाचून दाखवायला सांगितल्या. मी टाळाटाळ केली, मग वाचल्या. टेलरचं गाणं. आता कळलं टेलर कोण. काकू, माझी पँट झाली का?

हमीदाबाईंनी मला एक निरोप लिहायला लावला, शब्द त्यांचे: 'तू दिसत नाहीस' ही ओळ माझी नाही. पुढची दोन कडवीही माझी नाहीत. कृपया माझं नाव काढावं. दिगंबरचं लांबलचक उत्तर आलं. ते त्यांनी वाचलं नाही. नाव निघालं. तिथे आता काहीच लिहिलेलं नाही.

दुकान पुन्हा सुरू झालं, प्रबंध येऊ लागले, टेपही लागला. त्यावर 'ऐरण' नसतो. बाकी सगळे असतात, आणि नवीन काही मिळालं की मी नेऊन देतो. दत्तोबांकडे त्या दर शुक्रवारी जात होत्या, ते गेले तोपर्यंत.

दत्तोबांच्या दहाव्याहून परतताना आम्ही रिक्षात होतो. मी सहज म्हणालो, की मूळचं गाणं तुम्ही कुठे तरी नीट छापायला द्यायला हवं. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. म्हणाल्या, छापून आता कुणाला दाखवायचंय?

थोड्या वेळानं, रिक्षा सिग्नलला थांबल्यावर, त्या म्हणाल्या, "अब्बांना शेवटपर्यंत वाटत असणार, पोरीनं आपलं मन राखायला थाप मारली. तुमच्यावर गाणं आहे म्हणाली, आणि होतं भलत्याच कुणाचं तरी. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मला वाटत होतं, दुरुस्ती होणार आहे."

सिग्नल सुटला. दुकानापाशी उतरल्यावर दारात दोन विद्यार्थी पिशव्या घेऊन उभे होते. त्यांनी घाई आहे, उद्याच हवंय, असं सांगितलं. हमीदाबाईंनी कुलूप काढलं आणि म्हणाल्या, परवा या.